मे २६२ व्ही-३: शेपटीचं चाक, ब्रेकची थाप आणि पंखाची पुढची कड

कागदी_विमान (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट मे २६२ या जर्मन जेट लढाऊ विमानाच्या तिसऱ्या नमुन्याचं (व्ही-३) १:४८ मॉडेल करायला घेतलंय. १८ जुलै १९४२ ला लाइपहाइमहून निव्वळ जेटच्या जोरावर उडालेलं तेच, अंगावर पीसी+यूसी ही अक्षरं असलेलं. हाताशी असलेला संच नंतरच्या, नाकाखाली चाक असलेल्या विमानाचा आहे. तेव्हा कापाकापी करावी लागणार हे धरून चाललोय, पण नेमकं कुठं कापायचं ते ठरेना. अडलेले मुद्दे असे:

पहिल्या नमुन्याच्या नाकावर पंखा दिसतो, तिसऱ्याला नाही. मग नाकाचा आकार दोघांचा एकच का? पंखाची पुढची कड काही चित्रांत धडापासून टोकापर्यंत सलग तिरकी दिसते, काहींत धड ते इंजिन एवढा भाग सरळ आहे. १८ जुलैला कोणती होती? आणि धावताना मध्येच ब्रेक मारून शेपूट उचलली ही गोष्ट जिथं तिथं वाचायला मिळते, पण ब्रेक मारल्यावर विमान उडतं कसं हे कुणी धड सांगत नाही. विमान थांबायला हवं ना?

इंजिनं नंतरच्या विमानांचीच होती का, तेही सांगा.

---

धावपट्टी_शेजारी

शेवटून सुरुवात करतो, कारण व्ही-३ चं सगळं सार त्या ब्रेकमध्ये आहे.

शेपटीला चाक असलेलं पंख्याचं विमान धावायला लागलं की पंख्याचा वारा थेट शेपटीवर आदळतो. विमान जेमतेम हललेलं असताना एलिव्हेटरला (शेपटीच्या आडव्या पंखाचा हलता भाग) पकड मिळते ती या वाऱ्यामुळं. वैमानिक काठी पुढं ढकलतो, शेपूट उठते, विमान आडवं होतं. हे इतकं सवयीचं होतं की पंखा काढल्यावर काय जाईल याचा हिशेब कागदावर नीट झालाच नाही. व्ही-३ मध्ये पंखा नाही, आणि इंजिनांचा झोत पंखाखालून, शेपटीला टाळून मागं जातो. वर शेपूट जमिनीला टेकलेली असताना पंख वाऱ्याला मोठ्या कोनात असतात, त्यांच्यामागची हवा फाटलेली, गढूळ. एलिव्हेटर नेमका त्या गढूळ हवेत. काठी कितीही पुढं ढकला, शेपूट ढिम्म.

लाइपहाइमची धावपट्टी साधारण ११०० मीटर. आधीच्या नुसत्या धावण्यांत ताशी १८० किमीच्या आसपास वेग येऊनही शेपूट उठत नव्हती, आणि तोवर बहुतेक धावपट्टी संपलेली असे. तेव्हा उपाय निघाला तो असा, की त्या वेगाला मुख्य चाकांचा ब्रेक क्षणभर टेकवायचा.

तुमचा प्रश्न रास्त आहे, पण इथं ब्रेकचं काम विमान थांबवणं नाहीच. ब्रेकचा जोर जमिनीलगत, चाकाच्या टेकूवर लागतो. विमानाचा गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर. खालून मागं ओढलं की वरचा भाग पुढं कलंडतो, सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबल्यावर मागचं चाक उचलतं तसं. तो कल अर्धा सेकंद मिळाला तरी पुरे. शेपूट उठली की पंखांचा कोन कमी होतो, अडथळा कमी होतो, एलिव्हेटर स्वच्छ हवेत येतो आणि पुढं काठीनं शेपूट वर धरता येते. ब्रेकनं थोडा वेग खाल्ला तरी अडथळा घटल्यामुळं तो भरून निघतो.

मेसरश्मिटचा चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेल यानं १८ जुलैला हेच केलं. शेपूट उठली, काठीला जीव आला आणि विमान उडालं. पहिलं उड्डाण १२ मिनिटांचं, त्याच दिवशी आणखी एक.

यात चुकायला जागा भरपूर. ब्रेक जोरात लागला तर विमान नाकावर. लवकर लागला तर शेपूट उठते, पण हवेचा जोर पुरेसा नसल्यानं परत बसते आणि वेग मात्र वाया गेलेला असतो. उशिरा लागला तर पुढं धावपट्टीच नाही. ११ ऑगस्ट १९४२ ला रेशलिन चाचणी केंद्राचे हाइनरिश बोव्हे याच विमानात बसले, तेव्हा दुसऱ्या प्रकारची चूक झाली. शेपूट उठली, बसली, पुन्हा प्रयत्न झाला, आणि विमान धावपट्टी ओलांडून शेतात गेलं. वैमानिक वाचला, विमान दुरुस्तीत कित्येक महिने अडकलं. कसबी चाचणी वैमानिकाच्या हातून हे होत असेल तर दलातल्या शिकाऊ पोराचं काय, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

नाकाबद्दल: व्ही-१ च्या नाकात युमो २१० हे पिस्टन इंजिन होतं, साधारण ७०० अश्वशक्तीचं, मेसरश्मिटच्याच बीएफ १०९ या पंख्याच्या लढाऊ विमानाच्या पहिल्या आवृत्त्यांत असायचं तेच. विमानाचा सांगाडा तयार, पण जेट इंजिनांचा पत्ता नाही, मग किमान पंख आणि सुकाणू तरी तपासून घेऊ म्हणून पंखा लावला. १८ एप्रिल १९४१ ला ऑग्सबुर्गहून ते असंच, एकट्या पंख्यावर उडालं. पुढं २५ मार्च १९४२ ला त्याच विमानाला पंखाखाली दोन बीएमडब्ल्यू जेट लावून उडवलं, नाकातला पंखा ठेवूनच. तो ठेवला म्हणून विमान वाचलं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात दोन्ही जेट बंद पडले, हवा दाबून आत ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती तुटली होती. दोन मेलेली इंजिनं पंखाखाली लटकवून वेंडेलनं केवळ पिस्टन इंजिनावर विमान परत उतरवलं.

व्ही-३ ला हे काही नाही. नाक बंद, निमुळतं, तोफांची भोकं नाहीत.

---

गुरुत्वमध्य

पंखाच्या कडेचं मी सांगतो, कारण यावर गैरसमजांचा डोंगर आहे.

१८ जुलैला व्ही-३ च्या पंखाची पुढची कड धड ते इंजिन या भागात सरळ होती. इंजिनाच्या बाहेरचा भाग १८.५ अंश मागं झुकलेला. म्हणजे वरून पाहिलं तर इंजिनापाशी कडेला स्पष्ट कोपरा दिसतो. तुमच्या मॉडेलला हाच कोपरा हवा. सलग तिरकी कड दिसणारी चित्रं नंतरच्या स्थितीची.

बदल झाला तो पहिल्या उड्डाणांनंतर. वळणात विमान कलतं केलं की मधल्या सरळ भागावरची हवा बाहेरच्या भागाच्या आधी सुटत होती. म्हणून धड आणि इंजिन यांच्यामध्ये पुढच्या कडेला त्रिकोणी भर घातली. त्यानं दोन कामं झाली: कड सलग तिरकी झाली, आणि पंखाची रुंदी वाढल्यानं त्या जागचा पंख रुंदीच्या मानानं पातळ झाला. मॉडेलवाल्याच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या संचात ही भर आधीच धरलेली आहे, ती कापून टाकायची आणि नवी कड गोल घासायची. पातळ झालेला पंख परत थोडा जाड करायला पुट्टी लागेल. हे बहुतेक जण विसरतात.

आता तो १८.५ अंश. "जर्मनांनी ध्वनीच्या वेगासाठी तिरके पंख लावले" हे वाक्य शंभरदा वाचलं असेल. खोटं आहे. मूळ आराखड्यात पंख जवळपास सरळ होता. इंजिनं सांगितल्यापेक्षा जड आणि मोठी होत गेली, गुरुत्वमध्य सरकला, आणि उचलीचा बिंदू त्याच्याशी जुळेना. अख्खा पंख धडावर मागं सरकवायचा तर सगळी जोडणी बदलावी लागली असती. त्याऐवजी १९४० मध्ये बाहेरचा भाग मागं झुकवला. उचलीचा बिंदू मागं गेला, काम भागलं.

हिशेबही करून पाहा. १८.५ अंशाचा कोसाइन ०.९४८. म्हणजे पंखाच्या कडेला काटकोनात येणारा वेग जेमतेम पाच टक्क्यांनी कमी होतो. एवढ्या तुटपुंज्या फायद्यासाठी कुणी पंख वाकवत नाही. तिरक्या पंखाचं तत्त्व जर्मनीत माहीत नव्हतं असं नाही, आडोल्फ बूझेमाननं ते १९३५ मध्येच जाहीर मांडलं होतं. पण या विमानाचा पंख तिरका झाला तो वजनकाट्यामुळं.

---

कागदी_विमान

कोपऱ्याचं सांगितलंत ते बरं झालं, मी उलटंच करून बसलो असतो.

एक कळत नाही. हाइन्केलच्या 'हे २८०' या जेट विमानाला तर १९४१ मध्येच नाकाचं चाक होतं, नाही का? मग मेसरश्मिटनं शेपटीच्या चाकाचा हट्ट का धरला?

---

धावपट्टी_शेजारी

होतं. 'हे २८०' पहिल्यापासून तीनचाकी, आणि ३० मार्च १९४१ ला ते स्वतःच्या दोन जेटवर उडालंही. म्हणजे मे २६२ नुसत्या पंख्यावर उडायच्या तीन आठवडे आधी. त्या उड्डाणात इंजिनांवरची आवरणं काढून ठेवली होती, कारण इंधन गळून आवरणाच्या तळाशी साचायचं आणि आग लागायची भीती होती.

मेसरश्मिटकडं शेपटीचं चाक आलं ते सवयीतून. नाकाचं चाक म्हणजे जादा वजन, ते आत घ्यायला नाकात जागा, आणि लढाऊ विमानाच्या नाकात तोफा ठेवायच्या असतात. व्ही-१ च्या नाकात तर पिस्टन इंजिनच होतं, तिथं चाक कुठं बसवणार? एकदा सांगाडा तसा झाला की पुढचे नमुने त्याच साच्यातून निघाले. व्ही-४ पर्यंत शेपटीचंच चाक आहे.

व्ही-५ ला ६ जून १९४३ ला नाकाचं चाक मिळालं, तेही न मिटणारं, नुसतं तत्त्व तपासायला. मिटणारं चाक आलं व्ही-६ ला, १७ ऑक्टोबर १९४३ ला. ब्रेकची कसरत त्यामुळं संपली. शिवाय शेपूट खाली असताना गरम झोत धावपट्टीवर तिरका आदळायचा, तेही थांबलं, आणि वैमानिकाला समोर धावपट्टी दिसायला लागली.

मॉडेलसाठी लक्षात ठेवा, फरक केवळ नाकाचं चाक काढून शेपटीला लावण्यापुरता नाही. शेपटीच्या चाकावर उभं राहायचं तर मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढं लागतात, तीनचाकीत मागं. संचातले मुख्य चाकांचे पाय आहेत तिथंच ठेवून शेपटीला चाक लावलंत तर मॉडेल नाकावर पडेल, आणि कुणी जाणकार पाहील तर त्याचा जीव तुटेल तो वेगळाच.

---

कांदा_आत_बाहेर

इंजिनांवर कुणी बोललं नाही म्हणून.

व्ही-३ वर युंकर्स कंपनीची युमो ००४ए जेट इंजिनं होती, नंतरच्या विमानांवर ००४बी. मांडणी दोन्हींची एकच: आठ टप्प्यांचा सरळ प्रवाहाचा कॉम्प्रेसर, सहा स्वतंत्र ज्वलनकक्ष, एका टप्प्याचं टर्बाइन (गरम वायूनं फिरणारं, कॉम्प्रेसर चालवणारं चाक). ए चा थ्रस्ट, म्हणजे पुढं ढकलणारा जोर, ८४० किलो, बी चा ९००. खरा फरक धातूत. ए बनवताना या इंजिनाचा रचनाकार आन्सेल्म फ्रान्झ याच्या गटानं निकेल, कोबाल्ट, मोलिब्डेनम हात न आखडता वापरलं, कारण आधी इंजिन चालतं हे दाखवायचं होतं. घाऊक बनवायला एवढं निकेल जर्मनीकडं नव्हतं. म्हणून बी मध्ये ज्वलनकक्ष साध्या पोलादाच्या पत्र्याचे, वर ॲल्युमिनियमचा थर भाजून बसवलेला. इंजिन शंभरेक किलोनं हलकं झालं, पण आयुष्य गेलं. २५ तास ठरवलेले, हाती बऱ्याचदा दहाच.

वर पंख्यानं काय काय फुकट दिलं होतं ते आलंच आहे, त्यात दोन गोष्टी घाला. एक म्हणजे सुरुवातीची ओढ. दोन ००४ए मिळून १६८० किलो थ्रस्ट. ताशी १८० किमीला, म्हणजे सेकंदाला ५० मीटरला, त्याची शक्ती होते साधारण ११२० अश्वशक्ती. एवढ्या मोठ्या विमानाला ही काहीच नाही. थ्रस्ट तसाच धरला तर ताशी ८०० किमीला तोच आकडा पाच हजारांच्या घरात जातो. वर गेल्यावर कुणाला न सापडणारं विमान धावपट्टीवर इतकं मठ्ठ का, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट उतरताना. पिस्टन इंजिनाचा थ्रॉटल मागं घेतला की पंखा ब्रेकसारखा अडतो, विमान खाली बसतं. जेटमध्ये हा अडथळा नाही, विमान तरंगत पुढंच जातं. आणि चुकलं म्हणून परत थ्रॉटल पुढं ढकलावा तर इंजिन उठायला वेळ घेतं.

तो थ्रॉटलही हळू ढकलायचा. मिनिटाला साधारण ६००० फेऱ्यांच्या खाली झटक्यात पुढं केला तर इंधन आधी पोचतं, हवा मागून. मिश्रण घट्ट होतं, टर्बाइनपाशी तापमान चढतं, पाती भाजतात. झटक्यात मागं घेतला तर ज्योत विझते. त्या पट्ट्यात लिव्हर बोटानं सरकवायचा, मुठीनं नाही.

मॉडेलसाठी कामाचं: प्रत्येक इंजिनाच्या तोंडाशी मधल्या गोल टोपीत एक छोटं रीडेल स्टार्टर असतं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, सुमारे १० अश्वशक्ती. ते बिघडलं किंवा वीज नसली तर दोरी ओढून चालू करायचं, म्हणून टोपीच्या टोकाला हाताची कडी दिसते. मागच्या नळीत सरकता शंकू असतो, त्याला जर्मन मंडळी "कांदा" म्हणत. सुरू करताना तो आत, म्हणजे तोंड मोठं आणि इंजिन तापत नाही. पूर्ण जोराला तो मागं येऊन तोंड आवळतो. विमान उभं दाखवणार असाल तर कांदा आत ठेवा.

आणि पात्यांची कंपनं. १९४३ मध्ये ००४बी ची टर्बाइनची पाती तुटायला लागली. पात्याला स्वतःची एक कंपनसंख्या असते. पुढं सहा ज्वलनकक्ष, म्हणजे प्रत्येक फेरीत पात्याला गरम वायूचे सहा धक्के. मिनिटाला ९००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५०, गुणिले सहा, ९०० धक्के. पात्याची स्वतःची संख्या त्याच्या आसपास आली की झोका चढत जातो आणि पातं मुळाशी तुटतं. फ्रान्झनं पात्यांची कंपनसंख्या ओळखायला एका व्यावसायिक वादकाला बोलावलं. त्यानं व्हायोलिनचा गज पात्याच्या कडेवर ओढायचा आणि कोणता सूर निघतो ते कानानं सांगायचं. उपाय निघाला तो माक्स बेंटेले या अभियंत्याकडून: पातं टोकाकडं आणखी निमुळतं केलं, लांबी एक मिलिमीटरनं घटवली, म्हणजे त्याची संख्या वर गेली. आणि पूर्ण जोराच्या फेऱ्या ९००० वरून ८७०० वर आणल्या, म्हणजे धक्के ८७० वर उतरले. एका मिलिमीटरसाठी केवढी उस्तवार.

---

मिटिओर_पक्ष

इंग्लंडमध्ये त्याच वेळी काय चाललं होतं तेही नोंदवून ठेवतो, कारण इंजिनासाठी सांगाडा ताटकळत ठेवायची पाळी तिथंही आली होती.

ग्लॉस्टरचं एफ.९/४० (पुढचं मिटिओर) पहिल्यापासून तीनचाकी, पंख सरळ, मागचा आडवा पंख झोतापासून दूर उंचावर. म्हणजे शेपटीची भानगड तिथं उद्भवलीच नाही. पण जुलै १९४२ मध्ये, व्ही-३ उडालं त्याच महिन्यात, न्यूमार्केट हीथला डीजी२०२ नुसतं धावत होतं. रोव्हरच्या डब्ल्यू.२बी इंजिनांचा थ्रस्ट उडायला पुरत नव्हता. पहिलं उड्डाण ५ मार्च १९४३ ला क्रॅनवेलहून, आणि तेही दुसऱ्याच इंजिनांवर: डीजी२०६, हॅलफर्ड एच.१, वैमानिक मायकेल डाँट. उडाल्यावर नाक डावी-उजवीकडं नागमोडी डुलायला लागलं, म्हणून उड्डाण काही मिनिटांतच आवरतं घेतलं.

इंजिन मध्यापसारी, म्हणजे फुगीर. ते पंखात बसवायला मागच्या आधारदांडीत नळी जाण्यापुरती गोल कडी करावी लागली. जर्मन इंजिन बारीक असल्यानं पंखाखाली टांगता आलं, बदलायला सोपं गेलं. दहा-पंचवीस तासांत बदलायचं इंजिन असेल तर ते टांगलेलंच बरं.

आणि कुणी "हिटलरनं बॉम्बर करायला लावलं म्हणून उशीर झाला" लिहायच्या आत: त्या हुकमानं गोंधळ घातला हे खरं, पण विमानं इंजिनाविना उभी होती. ००४बी ची घाऊक निर्मिती १९४४ च्या मध्याशिवाय मार्गी लागली नाही.

---

कागदी_विमान

मग कापाकापीची यादी अशी धरतो: नाकाच्या चाकाची खोबण बुजवायची, तोफांची भोकं बुजवायची, धड ते इंजिन पुढची कड सरळ करून तिथला पंख जाड करायचा, मुख्य पाय पुढं घ्यायचे, शेपटीला चाक, कांदा आत. चुकतंय का काही?

---

गुरुत्वमध्य

बरोबर. फक्त क्रम बदला. आधी पुढची कड कापा, मग पाय. खोबणीची पुढची भिंत आणि पंखाचा मधला भाग इतके जवळ आहेत की पाय आधी चिकटवलेत तर करवत फिरायला जागा राहणार नाही. आणि संचात नाक जड करायला वजन दिलं असेल तर ते आत घालू नका. ते तीनचाकीसाठी असतं. इथं शेपूट आपसूक खाली बसायला हवी.